घरचे आरोग्य : लगाम सुटल्यावर हाडांचे काय होते

कमरेत वाकलेली आजी आपल्या घराघरांतून इतकी ओळखीची आहे की तिच्या वाकण्याचे कारण विचारण्याची बुद्धी सहसा कोणास होत नाही. मुलांच्या पुस्तकात आजी काढावयाची झाली म्हणजे चित्रकार प्रथम पाठीचा बाक काढतो आणि मग हातातली काठी. ‘वय झाले’ ह्या दोन शब्दांत तिचा निकाल लागतो. परंतु त्याच घरात तिच्याहून पाच-सात वर्षांनी वडील असलेले आजोबा पुष्कळदा ताठ चालत असतात. वय दोघांचेही झाले. मग पाठ बहुधा एकीचीच का वाकावी?

ह्या प्रश्नाचे उत्तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुष्कळ स्पष्ट झाले आहे, आणि ते सापडले अशा जागी की जेथे पूर्वी कोणी शोधलेही नसते. रोगजंतूंशी झगडणाऱ्या रक्तातील ज्या पेशी, त्यांच्या वर्तनात ह्या वाकण्याचा एक मोठा धागा गुंतलेला आहे. ह्या महिन्याचा मजकूर त्याविषयी आहे. पन्नाशीच्या आसपासच्या भगिनींनी तो वाचावाच. पण घरातील मुलांनी व पुरुषमंडळींनी तो अधिक लक्षपूर्वक वाचावा, कारण ‘दवाखान्यात केव्हा जावयाचे’ हा निर्णय अजूनही पुष्कळ कुटुंबांत त्यांच्या हाती असतो.

बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात फुलर ऑल्ब्राइट नावाचे एक थोर वैद्य होते. हाडे आतून सच्छिद्र होऊन किरकोळ धक्क्यानेही मोडतात, असे रोगी त्यांजकडे येत. त्यांची वये व पूर्वेतिहास मांडून पाहता, पासष्टीच्या आतील ह्या रोग्यांत बहुतेक सगळ्या स्त्रियाच, आणि त्याही पाळी बंद झालेल्या, असे त्यांच्या ध्यानात आले. १९४१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि रजोनिवृत्तीनंतरची अस्थिसुषिरता, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस, हा एक स्वतंत्र विकार म्हणून वैद्यकशास्त्रात दाखल झाला. बीजकोशातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन-वर्गातील पहिले द्रव्य १९२९ मध्येच शुद्ध स्वरूपात हाती आले होते. अमेरिकेत डॉइझी व जर्मनीत बुटेनांट ह्यांनी ते गर्भवतींच्या मूत्रातून वेगळे काढले होते. ऑल्ब्राइट ह्यांनी इस्ट्रोजेन आपल्या रोगी स्त्रियांस देऊन पाहिले, तेव्हा शरीरातून व्यर्थ जाणारे कॅल्शियम कमी झाले. रोगाचे मूळ त्यांनी बरोबर ओळखले. त्याचा मार्ग मात्र त्यांनी निराळा कल्पिला होता. इस्ट्रोजेन हे हाड बांधणाऱ्या पेशींना चेतना देते, ते आटले की बांधकाम थंडावते, असे त्यांचे मत. प्रत्यक्षात बांधकाम थंडावत नाही. पाडकाम बेसुमार वाढते.

हे समजण्यासाठी हाड म्हणजे काय ते थोडे पाहिले पाहिजे. हाड ही दगडासारखी निर्जीव वस्तू नव्हे. आपल्या प्राचीन वैद्यकाने अस्थीस सप्तधातूंत पाचवे स्थान दिले आणि तिच्या लगेच पुढे मज्जा ठेवली. हा शेजार मोठा मार्मिक आहे, हे पुढे कळून येईल. जुन्या वाड्याची डागडुजी जशी वर्षानुवर्षे चालूच असते, एका कोपऱ्यात मजूर कुजलेल्या तुळया व सुटलेल्या विटा काढतात आणि त्यांच्या मागोमाग गवंडी नवे काम करीत येतात, तसाच व्यवहार हाडात जन्मभर चालतो. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होत असतो. पाडणाऱ्या पेशींना आपण अस्थिभक्षक म्हणू व बांधणाऱ्यांना अस्थिकारक. दोघांच्या कामाच्या वेगात मोठे अंतर आहे. एका जागेचे पाडकाम दोन-तीन आठवड्यांत आटोपते, तीच जागा भरून काढण्यास तीन-चार महिने लागतात. पाडणाऱ्यांची संख्या थोडी जरी वाढली तरी गवंड्यांनी कितीही धावपळ केली तरी ते मागेच पडतात, आणि न बुजलेले खड्डे तसेच राहून जातात. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षांत नेमके हेच होते.

आता हे अस्थिभक्षक येतात कोठून? ते हाडात जन्मास येत नाहीत. मज्जेत रक्ताच्या ज्या पेशी तयार होतात, त्यांपैकीच एका कुळाचे हे वंशज होत. ह्याच कुळातील दुसरी भावंडे देहभर फिरून जंतू व मृत पेशी गिळण्याचे काम करतात. म्हणजे हाड खाणारा आणि जंतू खाणारा हे सख्खे चुलतभाऊ ठरले. एकाच घराण्यातील असल्यामुळे दोघांनाही एकच हाक ऐकू येते, आणि सगळ्या अनर्थाचे बीज त्यातच आहे.

ह्याची पहिली चाहूल १९७२ मध्ये लागली. माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांना चेतवून, त्या ज्या द्रवात वाढविल्या तो द्रव हाडाच्या तुकड्यावर घातला असता हाड झिजते, असे अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. पांढऱ्या पेशी काहीतरी सोडतात आणि त्याने अस्थिभक्षक जागे होतात एवढे त्यावरून कळले. पण ती मुख्य हाक कोणती, हे कळावयास आणखी पंचवीस वर्षे गेली. १९९८ मध्ये अमेरिकेतील व जपानमधील दोन मंडळ्यांनी स्वतंत्रपणे तिचा छडा लावला. जपानी मंडळी स्नो ब्रँड नावाच्या दुग्धव्यवसायाच्या कंपनीत काम करणारी होती, ही गोष्ट आम्हास मोठी गमतीची वाटते. दूधवाल्यांनी हाडाचे कोडे सोडवावे हे तसे रास्तच! ह्या द्रव्याचे संक्षिप्त नाव रँकल. अस्थिभक्षक होऊ घातलेल्या पेशीस रँकल भेटल्याखेरीज तिला आपले काम सुरू करता येत नाही. त्यावर शरीराने तोडही करून ठेवली आहे. ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचे एक द्रव्य रँकलला वाटेतच धरून ठेवते, म्हणून त्यास अस्थिरक्षक हे नाव शोभते.

पुढच्याच वर्षी कॅनडात टोरांटो येथे जन्मतःच रँकल नसलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांची हाडे अपेक्षेप्रमाणे भरीव निघाली, कारण पाडणारेच नव्हते. परंतु त्यांच्या अंगात आणखी एक उणीव दिसली ती कोणी कल्पिली नव्हती: काखेत, जांघेत ज्या रक्षक-ग्रंथी असतात, ज्या आजारात सुजून हातास लागतात, त्या त्यांना मुळीच नव्हत्या. आणि २००० मध्ये असे दिसून आले की अशा उंदरांच्या माद्यांचे स्तन गर्भारपणात वाढत नाहीत व त्यांना पिलांस पाजता येत नाही. हाड, रोगप्रतिकार आणि दूध ही तीन कामे सृष्टीने एकाच द्रव्याच्या हवाली केली आहेत. त्याच वर्षी ह्या नव्या अभ्यासास अस्थि आणि प्रतिकारशास्त्र ह्यांचे जोडनाव मिळाले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये पुढचे पाऊल टाकून ह्या दृष्टीने पाहिलेल्या अस्थिसुषिरतेस ‘इम्यूनोपोरोसिस’ असे स्वतंत्र नावच दिले.

आता इस्ट्रोजेनकडे वळू. रक्षक पेशींत टी-पेशी नावाचा एक वर्ग आहे. सैन्यातील अधिकाऱ्यांप्रमाणे ह्या पेशी इतरांस हुकूम सोडतात. त्या चेतल्या म्हणजे टीएनएफ नावाचे दाहकारक द्रव्य बाहेर टाकतात, त्यांतील काही इंटरल्यूकिन-१७ नावाचे दुसरे द्रव्य टाकतात, आणि स्वतःच्या अंगावर रँकलही बाळगतात. तिन्हींचा परिणाम अस्थिभक्षकांस चढ आणण्यात होतो. स्त्रीच्या देहात चाळीस-पन्नास वर्षेपर्यंत ह्या टी-पेशींच्या तोंडात लगाम असतो, आणि तो धरणारा हात इस्ट्रोजेनचा. शिवाय इस्ट्रोजेन अस्थिरक्षक द्रव्याची निपज वाढविते, आणि काम झालेल्या अस्थिभक्षकांस वेळेवर मरण आणते ते निराळेच. बीजकोश थांबले की हे सर्व एकदम सुटते.

ही कल्पना नुसत्या तर्कावर उभी नाही. रॉबेर्तो पाचिफिची ह्या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रथम दाखविले की, ज्यांची हाडे झपाट्याने झिजत आहेत अशांच्या रक्तपेशी कोणी डिवचले नसताही दाहद्रव्ये सोडीत असतात. पुढे २००० मध्ये त्यांनी टी-पेशी नसलेल्या उंदरांचे बीजकोश काढून पाहिले. इतर उंदरांची हाडे जशी झिजली तशी ह्यांची झिजली नाहीत. सर्वच प्रयोगशाळांतून ह्या प्रयोगाचे फळ अगदी एकसारखे आले असे नाही, आणि उंदीर म्हणजे बाई नव्हे हेही खरे. म्हणून स्त्रियांवरील दोन शोध आम्हास अधिक मोलाचे वाटतात, आणि ते दोन्ही अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे आहेत. २००३ मध्ये तेथे नुकतीच पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मज्जेतील पेशी तपासल्या, तेव्हा त्यांच्या पृष्ठावर रँकल वाढलेले आढळले. इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत ते कमी होते. २००७ मध्ये रजोनिवृत्त स्त्रियांना काही काळ इस्ट्रोजेन देऊन मग ते बंद केले आणि त्याच वेळी दाहद्रव्यांस अडविणारी औषधे काहींना दिली. इस्ट्रोजेन बंद होताच हाडांची झीज वाढते, ती ह्या औषधांनी पुरती थांबली नाही, पण काही अंशी कमी झाली. सर्व दोष रक्षक पेशींच्या माथी मारता येत नाही, परंतु त्यांचा वाटा खरा आहे, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

येथे एखादी चौकस वाचक विचारील की असली विचित्र सांगड सृष्टीने घातलीच कशास? निश्चित उत्तर कोणी देऊ शकत नाही. पण बाळंतिणीकडे पाहिले असता थोडा उलगडा होतो. अंगावर पाजणाऱ्या आईचे इस्ट्रोजेन त्या काळात खाली गेलेले असते, आणि बाळाच्या दुधासाठी लागणाऱ्या कॅल्शियमचा काही भाग तिच्याच हाडांतून काढला जातो. पाजणे सुटल्यावर इस्ट्रोजेन परत येते व गेलेले हाड बव्हंशी भरून निघते. म्हणजे लगाम सैल करणे ही मुळात एक सोय होती, उधारी होती. आणि तीत परतफेडीची हमी होती. रजोनिवृत्तीनंतर लगाम तसाच सैल पडतो, परंतु परतफेड करणारा कोणी येत नाही.

आणि आजोबा ताठ का, त्याचेही उत्तर ह्यातच आहे. पुरुषाच्या देहातही त्याच्या पुरुषरसापासून थोडे इस्ट्रोजेन तयार होत असते, आणि त्याच्या हाडांस त्याचीच गरज असते. १९९४ मध्ये अमेरिकेत एका २८ वर्षांच्या तरुणाची हकीकत प्रसिद्ध झाली. जन्मतःच त्याच्या पेशींना इस्ट्रोजेन ओळखता येत नव्हते. तो २०४ सेंटिमीटर उंच होता, अजून वाढतच होता, आणि त्याची हाडे म्हातारीसारखी सच्छिद्र होती. सामान्य पुरुषाचा हा पुरवठा वयानुसार हळूहळू ओसरतो. एका रात्रीत नळ बंद झाल्यासारखा तो कधी तुटत नाही. सत्तरीनंतर आजोबांचीही हाडे मोडतात, पण आजीच्या वाट्यास आलेली ती मधली उतरण त्यांस लागलेली नसते.

ती उतरण कोणत्या वर्षांत लागते हे घराने लक्षात ठेवावयाचे आहे. शेवटच्या पाळीच्या सुमारे एक वर्ष आधी झीज वेग घेते आणि नंतरची दोन-तीन वर्षे ती सर्वांत जास्त असते. त्यानंतर वेग मंदावतो. ह्या स्थित्यंताराच्या दहाएक वर्षांत कण्याच्या हाडाचा सरासरीने सुमारे दहावा भाग जातो, आणि त्यातला मोठा हिस्सा त्या तीन-चार वर्षांतच. पाश्चात्य स्त्रियांची पाळी सरासरी एक्कावन्नाव्या वर्षी थांबते. आपल्याकडे ती सेहेचाळीस-सत्तेचाळिशीसच थांबते, म्हणजे आपल्या स्त्रीस लगामाविना चार-पाच वर्षे अधिक काढावी लागतात. आणि ही वर्षे कोणती? घरात मुलीचे लग्न निघालेले, धाकट्याची परीक्षा, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, जाऊबाई बाळंतपणाला आलेल्या लेकीत गुंतलेल्या. सगळ्या घराचा भार जिच्या अंगावर, तिचीच हाडे त्या वेळी आतून पोखरत असतात, आणि दुखत काहीच नसल्यामुळे तिला स्वतःलाही पत्ता नसतो.

ह्याहून वाईट स्थिती बीजकोश काढून टाकलेल्यांची. ‘पिशवी काढून टाकली, कटकट गेली’ असे आपल्या घरांतूनही किती सहज बोलले जाते! गर्भाशय काढताना बीजकोशही काढले असतील तर निसर्ग जे चार-पाच वर्षांत करतो ते शस्त्रक्रिया एका दिवसात करते. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची जी पाहणी २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आली, तीत ८२,००० हून अधिक स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले, आणि त्यांतील पुष्कळजणी ऐन तिशीत-चाळिशीत होत्या. कामाचा खाडा पडू नये म्हणून ज्यांनी हे करून घेतले, त्यांच्या डोक्यावर पुढे जन्मभर उसाच्या मोळ्याच यावयाच्या. हा मजकूर वाचणाऱ्या कुटुंबांत अशी जबरदस्ती नसेल. पण ‘आता मुले झाली आहेत, ठेवून काय करावयाचे’ हा युक्तिवाद आम्ही सुशिक्षितांच्या तोंडून ऐकला आहे. शस्त्रक्रियेपूर्वी ‘बीजकोश ठेवणार की काढणार, आणि काढणार असाल तर का?’ एवढा प्रश्न वैद्यांस अवश्य विचारावा. पंचेचाळिशीच्या आत बीजकोश गेले असतील व दुसरा काही प्रतिबंध नसेल, तर निसर्गतः पाळी जावयाच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन बाहेरून घ्यावे, असेच आजचे वैद्यकमत आहे.

उपायांकडे वळण्यापूर्वी एका खुळाचा समाचार घेणे भाग आहे. २०२० च्या महामारीपासून ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ म्हणून काढे, चूर्णे व गोळ्या ह्यांचा बाजारात महापूर आला आहे आणि पन्नाशीच्या बाईस अशक्तपणा वाटला की घरातले कोणीतरी असली एक बाटली घेऊन येते. वरील विवेचन ज्यांनी लक्ष देऊन वाचले असेल त्यांच्या ध्यानात येईल की येथे रक्षक पेशी दुबळ्या झाल्याची तक्रारच नाही. त्या नको तितक्या चेतल्या आहेत. अशा वेळी त्यांस आणखी चढविण्याची इच्छा धरणे म्हणजे बेफाम घोड्यास चाबूक दाखविणे होय. ती बाटली तसे काही करू शकत नाही म्हणूनच पुष्कळदा अपाय होत नाही, एवढेच.

दह्या-ताकाचा प्रश्न जरा निराळा आहे. आतड्यात राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंमुळे टी-पेशी चेतत असतात. २०१६ मध्ये अमेरिकेत अटलांटा येथे असे दिसले की, पोटात एकही जंतू नसलेल्या उंदरांचे इस्ट्रोजेन काढून घेतले तरी त्यांची हाडे झिजत नाहीत. आणि साध्या उंदरांस काही हितकर जंतू चारले असता झीज थांबते. ह्या बातमीने पुष्कळांना हर्ष झाला. स्वीडनमध्ये पंचाहत्तरीच्या पुढील स्त्रियांवर अशाच एका जंतूचा प्रयोग झाला व २०१८ मध्ये थोडा गुणही नोंदला गेला. परंतु नुकतीच पाळी गेलेल्या स्त्रियांवर त्याच जंतूचा मोठा प्रयोग केल्यावर २०२४ मध्ये काहीही फरक आढळला नाही. तेव्हा जेवणानंतरचे ताक जरूर घ्यावे, ते आपले जुने सुख आहे व त्यात कॅल्शियमही आहे. पण त्यावर हाडांचा विमा उतरवू नये.

कॅल्शियमविषयीही असेच तारतम्य पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये रजोनिवृत्त स्त्रीसाठी दिवसाकाठी १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम व पावशेर, म्हणजे अडीचशे मिलिलिटर, गाईच्या दुधात जवळजवळ ३०० मिलिग्रॅम मिळते. तीळही ह्या बाबतीत मोठे उदार आहेत. घरातल्या सर्वांची वाढून झाल्यावर उरले तर दूध, अशी ज्या गृहिणीची रीत आहे तिने हा हिशेब एकदा मांडून पाहावा. उपासाच्या साबुदाण्यात ह्यातले जवळजवळ काही नसते. ड जीवनसत्त्व रक्तात तपासून घ्यावे; सूर्याच्या देशात राहूनही त्याची वाण आपल्याकडे सर्रास आहे. परंतु गवंड्यास विटा पुरविल्या म्हणून पाडणारे मजूर थांबत नाहीत. दहा वर्षे कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्या बाईचे मनगट मोडते आणि घरचे म्हणतात, ‘अहो, गोळ्या तर चालू होत्या!’ त्यात नवल काही नाही.

मनगटाचा उल्लेख आला तो सहज आला नाही. पन्नाशीची बाई उभ्या उभ्या घसरली, हात टेकला आणि मनगट मोडले, ही ह्या विकाराची पुष्कळदा पहिली वर्दी असते. आपल्याकडे प्लास्टर घालतात, सहा आठवड्यांनी काढतात, आणि न्हाणीघरातल्या फरशीला शिव्या देऊन विषय संपतो. उभ्या उंचीवरून पडून निरोगी हाड मोडत नसते. त्या प्लास्टरबरोबरच हाडांची घनता मोजणारी डेक्सा नावाची तपासणी सुचविली गेली पाहिजे, आणि कोणी सुचविली नाही तर घरच्यांनी मागितली पाहिजे. तपासणीचा आकडा उणे अडीच वा त्याहून खाली आला तर तो रोग, असा जागतिक आरोग्य संघटनेचा १९९४ पासूनचा दंडक आहे. उंची तरुणपणापेक्षा दीड इंचाने कमी झाली असेल तर मणका न दुखताच खचला असण्याचा संभव असतो. परकराच्या किंवा गाऊनच्या लांबीवरून बायकांना हे आधी कळते. आमवाताच्या उग्र प्रकारात, जेथे सांधे सकाळी तासन्‌तास आखडतात, रक्षक पेशी आधीच चवताळलेल्या असतात. त्यात स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर हाडांस दुहेरी मार बसतो. दात हलू लागणे हेही नुसते दंतवैद्याचे काम समजू नये. हिरड्यांच्या जुनाट सुजेत जबड्याचे हाड खाणारे हेच अस्थिभक्षक आणि त्यांना बोलावणारे हेच रँकल.

मनगटाची वर्दी चुकविली की पुढे मणके, आणि शेवटी खुबा. खुब्याशी मांडीचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी निदान पाचांतला एक वर्षाच्या आत दगावतो, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांना पुन्हा पूर्वीसारखे चालता येत नाही. एका घसरण्याने घरातल्या चौघांचा दिनक्रम बदलतो हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांस अधिक सांगणे नको.

औषधे आज पुष्कळ आहेत आणि त्यांच्याविषयी भीतीही पुष्कळ आहे. इस्ट्रोजेनचेच पाहा. २००२ मध्ये अमेरिकेतील एका प्रचंड प्रयोगात असे निघाले की इस्ट्रोजेन व त्याचे जोडद्रव्य एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत खुबा मोडण्याचे प्रमाण एक-तृतीयांशाने घटते, परंतु स्तनाचा कर्करोग, अर्धांगवायू व रक्ताच्या गाठी ह्यांचे प्रमाण थोडे वाढते. जगभर घबराट उडाली व हे औषध एका रात्रीत बदनाम झाले. त्या स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते, हे कोणी फारसे पाहिले नाही. आज मत असे आहे की साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे होण्याच्या आत, अंगातून वाफा येणे वगैरे त्रास असणाऱ्या व कर्करोगाचा इतिहास नसणाऱ्या स्त्रीस ह्या औषधाचा लाभ बहुधा धोक्याहून मोठा असतो. निर्णय वैद्याने व तिने मिळून घ्यावयाचा, शेजारणीने नव्हे. जिची हाडे आधीच झिजली आहेत तिच्यासाठी अस्थिभक्षकांस निकामी करणारी औषधे आहेत. आठवड्याची गोळी आहे, वर्षातून एकदा शिरेतून द्यावयाचे इंजेक्शनही आहे. गोळी सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे व्हावयाचे नाही, हा नियम पाळला नाही तर अन्ननलिकेस इजा होते.

रँकलच्या शोधातून प्रत्यक्ष निघालेले औषध म्हणजे डेनोसुमॅब. हे रँकलला धरून ठेवणारे प्रतिद्रव्य होय. शरीरातील अस्थिरक्षकाचीच भूमिका ते बाहेरून येऊन वठविते. २०१० पासून ते वापरात आहे आणि दर सहा महिन्यांनी कातडीखाली टोचावयाचे असते. गुण उत्तम आहे, पण एक अट मोठी कडक आहे आणि ती आपल्या कुटुंबांतून फार मोडली जाते. गोळी बंद केली तर तिचा अंश काही काळ हाडात टिकतो. ह्या औषधाचा टिकत नाही. इंजेक्शन चुकले की दाबून ठेवलेले अस्थिभक्षक एकदम उसळतात आणि काही स्त्रियांचे एकामागून एक मणके खचतात. थांबवावयाचे झाले तरी वैद्यास विचारून, दुसरे औषध लावूनच थांबवावे लागते. घरातील कोणास हे औषध चालू असेल तर पुढील तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, जेथे दुधाचे खाडे मांडलेले असतात तेथेच, ठळक लिहून ठेवावी. आणि मुलाकडे परगावी महिना-दोन महिने राहावयास जावयाचे ठरले तर तिकीट काढण्यापूर्वी ती एकदा पाहावी.